पाय, तोल, डोळा: तेरा वर्षांच्या मुलीतल्या मल्टिपल स्क्लेरोसिसचं एक प्रकरण

मुलगी तेरा वर्षांची, आठवी संपवून नववीत गेलेली. राहणार नंदनवन, नागपूर. वडील इतवारीतल्या एका ठोक दुकानात हिशेब बघतात, आई घरी शिवणकाम करते, घरात आजी आणि धाकटा भाऊ. मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतपात, नेत्रतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन ती आमच्या बालमेंदूविकार ओपीडीत आली. चिठ्ठीत एवढंच होतं: उजव्या डोळ्याची दृष्टी 6/36 (नॉर्मल 6/6), डोळा हलवताना दुखतो, आतला पडदा नॉर्मल, बाहुलीचा प्रतिसाद मंद, एमआरआय करावा. तिला इथे मृण्मयी म्हणते. नाव खरं नाही, आणि अशा मुलांची दुखणी ज्या वाटेने जातात त्यावरून हे प्रकरण बेतलेलं आहे. लक्षणं, तपासण्या आणि उपचार मात्र जसे असतात तसेच ठेवले आहेत.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावरच उलटते. हा मोठ्यांचा आजार असंच आपण शिकलो. ते बरचसं खरंही आहे. एकूण रुग्णांपैकी साधारण 3 ते 5 टक्क्यांमध्येच तो अठराव्या वर्षाआधी सुरू होतो. आपल्या भागात आणखी एक गोष्ट आड येते. मुलांमध्ये मेंदूज्वर घडवणारा चांदीपुरा विषाणू ज्या गावाच्या नावाने जगभर ओळखला जातो ते गाव नागपूरकडचंच, 1965 मध्ये तो इथे सापडला. मुलाचा मेंदू आजारी म्हटलं की इथल्या डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे ताप, फिट, बेशुद्धी, आयसीयू हेच येतं, आणि त्या बाबतीत आपण खरोखर सावध आहोत. स्वतःच्या पायांनी चालत येणारं, ताप नसलेलं, गप्पा मारणारं मूल त्या चौकटीत बसत नाही.

आधीचे दोन प्रसंग

डोळ्याची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला पायांबद्दल विचारलं की आईवडील जरा बुचकळ्यात पडतात. पण या आजाराचं निदान निम्मं इथेच होतं. ‘गेल्या दोन वर्षांत असं काही झालं का, जे आठवडा-दोन आठवडे राहिलं आणि मग आपोआप गेलं?’ हा प्रश्न मी आईला, वडिलांना, आजीला आणि मुलीला वेगवेगळा विचारते. प्रत्येकाला वेगळं काहीतरी आठवतं.

आईला आठवली गेल्या ऑगस्टमधली चप्पल. मृण्मयीच्या डाव्या पायातली चप्पल सारखी निसटायची आणि निसटल्याचं तिला कळायचंही नाही. अनवाणी दहा पावलं चालून गेल्यावर कोणीतरी सांगायचं. डाव्या पायात कमरेपर्यंत मुंग्या होत्या. जवळच्या डॉक्टरांनी बी-12 ची इंजेक्शनं दिली, तीनेक आठवड्यांत बरं वाटलं, आणि इंजेक्शनं लागू पडली असं सगळ्यांनी धरलं. आपल्याकडे बी-12 ची कमतरता इतकी आढळते की हा अंदाज वेडगळ नव्हता. फक्त ती कमतरता एकाच पायाला गाठत नाही.

वडिलांना आठवला फेब्रुवारी. वार्षिक परीक्षेच्या तयारीचे दिवस. तिला एकाचे दोन दिसायला लागले, चक्कर यायची, जिना उतरताना ती कठडा घट्ट धरायची. कोणी कानाचा दोष सांगून चक्करेच्या गोळ्या दिल्या. चष्म्याच्या दुकानात बारीकसा नंबर निघाला, चष्मा आला. दोन आठवड्यांनी तेही थांबलं. चष्म्याने काम केलं, असं घर समजलं.

आजीला आठवलं ते वेगळंच. ‘पोरगी पयले अशी आळशी नव्हती. शायेतून आली का पडून राह्यते. मले वाटलं, वयात आली, असन तसं.’ पाळी सुरू होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. आजीने लक्षण बरोबर हेरलं होतं. एमएसमधला थकवा झोपेने जात नाही आणि मुलांमध्ये तो पुष्कळदा आळस म्हणून खपतो.

तीन माणसांनी सांगितलेल्या तीन गोष्टी कागदावर एकाखाली एक लिहिल्या तेव्हा चित्र उघड झालं. ऑगस्टमध्ये मज्जारज्जू, फेब्रुवारीत मेंदूचा देठ, मेमध्ये डोळ्याची नस. चेतासंस्थेतल्या तीन वेगळ्या जागा, तीन वेगळ्या वेळा. प्रत्येक वेळी वेगळा डॉक्टर, वेगळी चिठ्ठी, आणि दर वेळी मूल बरं झालेलं. मुलांमधल्या एमएसमध्ये सर्वात जास्त चकवणारं हेच असतं. साधारण 97-98 टक्के मुलांमध्ये आजार असा उलटत-ओसरत चालतो, प्रत्येक अटॅकनंतर मुलं मोठ्यांपेक्षा चांगली सावरतात, आणि त्या सावरण्याचं श्रेय त्या वेळी जे औषध चालू असेल त्याला जातं.

तपासताना

एका डोळ्याची दृष्टी गेली तरी मुलाला ती बरेच दिवस कळत नाही, कारण दुसरा डोळा भरून काढतो. मृण्मयीला कळलं ते काजळ घालताना. डावा डोळा मिटला आणि आरशातला चेहरा धुकट झाला.

डोळ्यात घालायच्या एका औषधाच्या बाटलीला लाल टोपण असतं. ते मी टेबलाच्या खणात ठेवते. डावा डोळा झाकून तिला ते दाखवलं.

‘कोणता रंग?’

‘विटकरी. धुऊन धुऊन विटलेला.’

‘आता दुसऱ्या डोळ्याने.’

‘लाल! एकदम लाल.’

डोळ्याच्या नसेला सूज आली की अक्षरं दिसेनाशी होण्याआधी किंवा त्यासोबत रंग उडतात, लाल सर्वात आधी. मग टॉर्च. उजेड डाव्या डोळ्यावरून उजव्या डोळ्यावर नेला की उजवी बाहुली आकसायच्या ऐवजी मोठी होत होती. ही खूण मुलाला ठरवून करता येत नाही, म्हणून ‘नाटक करते’ या शंकेला ती परस्पर उत्तर देते. आतला पडदा नॉर्मल होता, कारण सूज नसेच्या मागच्या भागात होती. नेत्रतज्ज्ञांनी पडदा नॉर्मल पाहून तिला घरी पाठवलं नाही, बाहुली तपासली. या प्रकरणात वेळ वाचला तो तिथे.

उजवीकडे बघायला सांगितल्यावर तिचा डावा डोळा नाकाकडे जाताना मागे रेंगाळायचा आणि बाहेर गेलेला उजवा डोळा हलके झटके खायचा. दोन दोन दिसणं कधीच थांबलं होतं, पण फेब्रुवारीतल्या जखमेचा हा माग राहिलेला होता. दोन्ही डोळ्यांची हालचाल जुळवणारा तंतूंचा पट्टा मेंदूच्या देठात दुखावला की असं होतं. डाव्या पायाचे गुडघ्याचे आणि घोट्याचे प्रतिक्षेप उसळते, तळव्याला घासल्यावर अंगठा वर, अंगठ्याशी कंपनाची जाणीव कमी. टाचेला बोट लावून सरळ रेषेत चालताना तोल जाई. हा ऑगस्टचा माग.

मग मानेतल्या मज्जारज्जूच्या जखमेची खूण शोधत विचारलं, ‘मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं का?’

तिने आईकडे पाहिलं. ‘होतं. सगळ्यांनाच होत असेल ना?’

मुलं आपल्या शरीरात जे चालतं ते सगळ्यांचं तसंच असतं असं धरून चालतात, म्हणून असे प्रश्न नेमके आणि मुलांच्या शब्दांत विचारावे लागतात. लघवीबद्दल तर आईला थोडा वेळ बाहेर बसवूनच विचारावं. वर्गातून घाईने उठून जावं लागतं, हे तिने तेव्हाच सांगितलं. बाईंनी त्याबद्दल रागावून झालं होतं.

शाळेची वही मी मागवली होती. आठवीच्या सुरुवातीची, जूनमधली पानं आणि शेवटची, मार्चमधली पानं शेजारी ठेवली. अक्षर बिघडलेलं नव्हतं, पण मार्चमध्ये फळ्यावरचं अर्धंच उतरवलेलं होतं, प्रत्येक धडा मध्येच तुटलेला. समासात लाल शाईने ‘वेग वाढवा’. एमएस झालेल्या साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये विचारांचा वेग, लक्ष आणि स्मरण यांवर परिणाम दिसतो. तो हातापायांच्या कमजोरीशी जोडलेला असेलच असं नाही, उत्तम धावणाऱ्या मुलातही असू शकतो. शिकण्याच्या वयात आजार आला की मेंदूची जडणघडण चालू असतानाच त्याला धक्का बसतो, म्हणून गुणपत्रिका हा माझ्या लेखी तपासणीचाच भाग आहे.

ऊन

मेमध्ये तिने बॅडमिंटनचं उन्हाळी शिबिर लावलं होतं. सकाळी जाताना बरी, अकराच्या सुमारास सायकलवर परत येताना सगळं पांढुरकं. कूलरपुढे तासभर पडली की बऱ्यापैकी पूर्ववत. घरात निदान ठरलं: लू लागली. कैरीचं पन्हं सुरू झालं, खिशात कांदा आला. नागपुरात पारा 45 च्या वर असताना कोणीही हेच म्हणेल, आणि मी त्यांना दोष देत नाही.

पण उन्हाने नजर जाणं आणि गारव्याने परत येणं, हीच या आजाराची जुनी ओळख आहे. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उहथॉफ यांनी 1890 मध्ये ती नोंदवली: श्रम झाले की एमएसच्या रुग्णांना कमी दिसायचं, विसावा घेतला की सुधारायचं. एमआरआय नव्हता त्या काळात रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून हीच गोष्ट निदानासाठी तपासली जाई. कारण असं आहे. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण असतं, संदेश वेगाने जायला ते लागतं. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ते ओरबाडते. उघडा पडलेला तंतू जेमतेम संदेश नेत असतो. शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तो संदेश अडू शकतो. अंग थंड झालं की पुन्हा जातो. उष्णतेने नवी इजा होत नाही, जुनी इजा उघडी पडते.

हा फरक घरच्यांना समजावण्यात मी बराच वेळ घालवला, कारण नागपुरात राहून तो रोज लागणार होता. ऊन, ताप किंवा खेळ यामुळे जुनंच लक्षण काही वेळ डोकावलं आणि गार झाल्यावर गेलं, तर घाबरायचं नाही. ताप नसताना नवं लक्षण, किंवा जुनंच पण वाढलेलं, चोवीस तासांहून जास्त टिकलं तर फोन करायचा. दोन्हींचा उपचार वेगळा आहे. उन्हामुळे आलेल्या धुकट नजरेला स्टेरॉइड देणं म्हणजे मुलीला विनाकारण स्टेरॉइड देणं.

तपासण्या, आणि जे नव्हतं ते

मेंदू, डोळ्यांच्या नसा आणि पूर्ण मज्जारज्जू यांचा कॉन्ट्रास्टसह एमआरआय झाला. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला, त्यांना काटकोनात उभे असलेले लांबट डाग होते. मेंदूच्या बाह्यकाच्या, म्हणजे वरच्या थराच्या, लगत दोन, देठात एक, आणि मानेच्या मज्जारज्जूत डावीकडे एक आखूड डाग, दोन मणक्यांच्या उंचीपेक्षा कमी. काही डाग कॉन्ट्रास्टने उजळले, म्हणजे ताजे. काही उजळले नाहीत, म्हणजे जुने. ताजे आणि जुने डाग एकाच फिल्मवर दिसले की आजार वेळेतही पसरलेला आहे हे एकाच तपासणीत कळतं. एमएसच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या 2017 च्या मॅकडोनाल्ड निकषांत हे धरलेलं आहे. मृण्मयीच्या बाबतीत लक्षणांचा इतिहासच पुरेसा होता, एमआरआयने त्यावर शिक्का मारला.

पाठीतलं पाणी काढायला आजीचा कडाडून विरोध होता. ‘पाठीत सुई टोचली का पाय जातात’ ही भीती मी नागपुरात आणि आसपासच्या गावांत सतत ऐकते. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली सुई जाते, हे कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा आजी तयार झाल्या. पाण्यात पेशी थोड्याच, प्रोटीन नॉर्मल, आणि ऑलिगोक्लोनल बँड होते, जे रक्तात नव्हते. म्हणजे प्रतिपिंडं चेतासंस्थेच्या आतच तयार होत होती.

मुलांमध्ये एमएस म्हणण्याआधी बरंच काही बाजूला काढावं लागतं, आणि घाई इथेच नडते. मॉग या मायलिनवरच्या प्रथिनाविरुद्ध बनणाऱ्या प्रतिपिंडांचा आजार सर्वात आधी. मुलांच्या मायलिनच्या आजारांत त्याचा वाटा मोठा आहे, लहान मुलांत तर विशेष. त्यात बऱ्याचदा दोन्ही डोळे एकदम जातात, नसेचं तोंड फुगलेलं दिसतं, आणि डाग मोठे, अस्पष्ट कडांचे असतात. दुसरा एनएमओ, मुख्यतः डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू यांना गाठणारा; त्यात अॅक्वापोरिन-4 प्रतिपिंडं सापडतात आणि मज्जारज्जूतला डाग तीन किंवा जास्त मणक्यांएवढा लांब असतो. एमएसची काही औषधं एनएमओमध्ये आजार वाढवतात, म्हणून हे दोन रिपोर्ट हातात आल्याशिवाय कायमचं औषध सुरू करू नये. दोन्ही निगेटिव्ह आले.

ताप, गुंगी, वागण्यातला बदल असता तर एडेमचा, म्हणजे बहुधा संसर्गानंतर येणाऱ्या मेंदूच्या सुजेचा, विचार झाला असता. बारा वर्षांखालच्या मुलांत एमएसचा पहिला अटॅकही कधी तसाच दिसतो, फिटसुद्धा येते. त्यामुळे लहान मुलात पहिल्याच वेळी शिक्का न मारता वाट बघावी लागते. गोवरानंतर काही वर्षांनी येणारा मेंदूचा आजार, एसएसपीई, आपल्याकडे अजून दिसतो. नजर आणि शाळेतली पीछेहाट यांवरून तो आठवला, पण अंगाला बसणारे झटके नव्हते आणि पाण्यातली गोवराची तपासणी निगेटिव्ह होती. विदर्भात सिकलसेल तपासल्याशिवाय कोणत्याही मुलाच्या मेंदूच्या तक्रारीवर मत देऊ नये. तोही नव्हता. क्षयरोग नव्हता, बी-12 ठीक होतं. ड जीवनसत्त्व बरंच कमी होतं, एवढं ऊन असलेल्या गावात. मुली उन्हात जात नाहीत आणि जातात तेव्हा नखशिखांत झाकून.

घरच्यांशी बोलणं

वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, ‘मॅडम, पोरगी पांगळी होईल का?’ आईने विचारलं, ‘आमचं काय चुकलं?’

चूक कोणाचीच नव्हती. एपस्टाइन-बार विषाणूचा संबंध 2022 मध्ये अमेरिकी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासातून ठळक झाला, पण तो विषाणू जवळपास सगळ्यांनाच होऊन जातो. ड जीवनसत्त्वाची कमतरता, किशोरवयातला लठ्ठपणा, घरातला सिगारेटचा धूर यांनी धोका वाढतो, एकट्याने त्यातलं काहीच आजार घडवत नाही. वयात येण्याआधी मुलगे आणि मुली जवळपास सारख्या संख्येने दिसतात, पाळी सुरू झाल्यानंतर मुलींचं प्रमाण दुप्पट-तिप्पट होतं. तिच्या वयाचा आणि पहिल्या अटॅकचा मेळ तसा बसत होता.

वडिलांना खरं तेच सांगितलं. मुलांमध्ये आजार मोठ्यांपेक्षा जास्त वेळा उलटतो. कायमचं अपंगत्व यायला मोठ्यांपेक्षा साधारण दहा वर्षं जास्त लागतात, पण सुरुवातच लवकर झाल्याने ते तरुणपणी येऊ शकतं. म्हणूनच बरी दिसत असतानाच औषध सुरू करायचं. मृण्मयी तिथेच बसली होती आणि ती तिथे असावी हा माझा आग्रह होता. तेराव्या वर्षी मुलीला सगळं कळतं. न सांगितलेलं ती फोनवर शोधते आणि तिथे तिला चाळिशीतल्या माणसांचे व्हीलचेअरचे फोटो दिसतात.

उपचार आणि पुढचं वर्ष

चालू अटॅकसाठी पाच दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, किलोमागे 30 मिलिग्रॅम, कमाल 1 ग्रॅम. तिचं वजन 42 किलो, त्यामुळे रोज 1 ग्रॅम. रक्तदाब आणि साखर बघत राहिलो. डोळ्याचं दुखणं तिसऱ्या दिवशी थांबलं, सहा आठवड्यांनी दृष्टी 6/9 झाली. लाल रंग मात्र अजून जरा फिका दिसतो.

कायमच्या औषधासाठी फिंगोलिमोड निवडलं. दहा वर्षांवरच्या मुलांसाठी अमेरिकेत त्याला 2018 मध्ये मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ती आधारली होती तिच्यात 10 ते 17 वयाची 215 मुलं होती, आणि इंटरफेरॉन हे एमएसचं जुनं औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत आजार उलटण्याचं प्रमाण 82 टक्क्यांनी कमी दिसलं. आपल्याकडे जेनेरिक मिळतं, रोज एक कॅप्सूल. दुसरा पर्याय रिटुक्सिमॅब, जो भारतात मान्यतेपलीकडे जाऊन पुष्कळ वापरला जातो. त्यात सहा-सहा महिन्यांनी सलाइनमधून डोस असतो, आणि रोज गोळी घेण्याची शाश्वती नसलेल्या घरांत तो सोयीचा पडतो.

सुरू करण्याआधी कांजिण्यांची प्रतिपिंडं तपासली. लहानपणी होऊन गेल्या होत्या, पुरेशी निघाली. राहिलेल्या लसी पूर्ण केल्या. पहिल्या डोसनंतर सहा तास वॉर्डात बसवून नाडी मोजली, कारण ती मंदावते. चार महिन्यांनी डोळ्याच्या पडद्याची तपासणी केली. आईला दोन गोष्टी लिहून दिल्या: औषध मनाने बंद करायचं नाही, अचानक बंद केल्यास आजार जोराने उलटू शकतो, आणि दोन आठवड्यांहून जास्त खंड पडला तर घरी पुन्हा सुरू न करता आधी आमच्याकडे यायचं. गर्भावर या औषधाचा वाईट परिणाम होतो, हे मृण्मयीला पुढे योग्य वेळी नीट सांगावं लागेल. ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

शाळेशी बोलणं सोपं गेलं नाही. चालते, बोलते, हसते, मग सवलत कशाला, असा सूर होता. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट आहे, ते पत्रात लिहिलं. आता ती पंख्याजवळच्या पुढच्या बाकावर बसते, न विचारता बाहेर जाऊ शकते, फळ्यावरचं मैत्रिणीच्या वहीतून फोटो काढून घेते, आणि घटक चाचणीत तिला जादा वेळ मिळतो. खेळ बंद करावा असं आजीचं म्हणणं होतं. मी सक्त नाही म्हणाले. व्यायामाने थकवा कमी होतो, मन सावरतं. फक्त बॅडमिंटन सकाळी सहाला हलवलं, गळ्याभोवती ओला पंचा आणि सोबत गार पाण्याची बाटली.

वर्षभरात एक अटॅक आला: उजव्या हाताला बधिरता, नोव्हेंबरमध्ये, औषध सुरू होऊन चारच महिने झाले होते. या वेळी आईने दुसऱ्याच दिवशी फोन केला. त्यानंतर शांत आहे. वर्षाच्या एमआरआयमध्ये एक नवा डाग आहे, तो त्याच अटॅकचा. दर सहा महिन्यांनी विचारांच्या वेगाची छोटी चाचणी घेतो. आकडा खाली गेलेला नाही, पण वयाप्रमाणे जेवढा वर जायला हवा तेवढा गेलेला नाही, आणि मला सध्या सर्वात जास्त काळजी त्याची आहे. पुढच्या एमआरआयमध्ये नवी जागा दिसली तर रिटुक्सिमॅबवर जायचं, हे आई, वडील आणि मृण्मयी तिघांशी आत्ताच बोलून ठेवलं आहे, म्हणजे दहावीच्या वर्षात निर्णयाला वेळ लागणार नाही.